डॉ. मारिया माँटेसरी यांचें अल्पचरित्र



धर्मग्रामाच्या शिशुवर्गांत सकाळच्या प्रहरीं डोकावून पाहिलें असतां गुडघ्याएवढ्या उंचीच्या खुर्च्या, चिमुकल्या हातांस पोंचतील अशीं बुटकीं कपाटें, लांकडी ठोकळे, मणी व खरखरीत कागदाचीं अक्षरें दृष्टीस पडतात. हा सरंजाम आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे कीं, कोणींतरी तो प्रथम सुतारापुढें उभें राहून करवून घेतला असेल, हा विचारही मनांत येत नाहीं. ज्या बाईंनीं तो करवून घेतला त्या रोमच्या एक डॉक्टर होत्या, कॅथलिक होत्या, आणि आयुष्याचीं जवळजवळ सात वर्षें त्यांनीं सलग आपल्या भारतांत काढलीं. त्यांच्या शिक्षणपद्धतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु लहान मुलांचें शिक्षण हा एक जन्मभराचा व्यवसाय होऊं शकतो, त्यासाठीं शिक्षिका तयार कराव्या लागतात, शाळा उघडून त्यांवर देखरेख ठेवावी लागते, द्रव्य उभें करावें लागतें, आणि या सर्वांचें मोल घरच्या सुखांतून भरावें लागतें, ही त्यांच्या चरित्राची बाजू क्वचितच सांगितली जाते. तीच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटलींतील अँकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले या गांवीं झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकर, वृत्तीनें जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचनाची आवड असलेली व प्रत्येक प्रसंगीं मुलीच्या बाजूनें उभी राहणारी. मारिया पांच वर्षांच्या असतां कुटुंब रोमला येऊन राहिलें. त्या काळीं शिकूं इच्छिणाऱ्या मुलीस शिक्षिका होण्यावांचून दुसरी वाट बहुधा नसे, आणि मारियांस नेमकें तेंच नको होतें. तेराव्या वर्षीं त्या तांत्रिक शाळेंत दाखल झाल्या व पुढें त्यांनीं वैद्यकीचा हट्ट धरला. वडिलांस तें रुचलें नाहीं. पुरुष विद्यार्थ्यांच्या समवेत प्रेताचें विच्छेदन करणें स्त्रीस अनुचित मानलें जात असल्यामुळें, सर्व मंडळी घरोघर गेल्यावर ही मुलगी त्या दालनांत एकटीच बसून आपला अभ्यास पुरा करी. १८९६ सालीं त्या पदवीधर झाल्या. इटलींतील अगदीं पहिल्या कांहीं स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. शिक्षिका होण्याचें जिनें नाकारलें तिच्याच हातून पुढें हजारों शिक्षिका तयार व्हाव्या, यांतील ईश्वरी योजना त्या वेळीं कोणास दिसणार?

रोमच्या मनोरुग्णालयांत काम करीत असतां मतिमंद म्हणून वेड्यांबरोबर कोंडून ठेवलेलीं मुलें त्यांच्या पाहण्यांत आलीं. त्या मुलांच्या हातांस करावयास कांहींच नव्हतें, खेळावयास एक काडीही नव्हती. इतार व सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनीं अशा मुलांविषयीं लिहिलेले ग्रंथ बाईंनीं बारकाईनें अभ्यासिले, आणि मुलांचा हा प्रश्न औषधाचा नसून शिक्षणाचा आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९०० सालीं अशा मुलांच्या शिक्षकांसाठीं रोममध्यें एक विद्यालय निघालें. त्याचें चालकत्व बाईंकडे व त्यांचे सहकारी डॉ. जुसेप्पे माँतेसानो यांच्याकडे आलें. येथील मुलें लिहावाचावयास शिकलीं, व बाईंचें नांव झालें.

पण त्याच वेळीं त्यांच्या खासगी आयुष्यांत एक जखम भळभळत होती. डॉ. माँतेसानो यांजपासून त्यांस ३१ मार्च १८९८ रोजीं मारियो नांवाचा पुत्र झाला होता. विवाह झालेला नव्हता. बोभाटा झाला असता तर बाईंचें सर्व काम तेथेंच संपलें असतें. म्हणून मूल खेड्यांतील एका दाईच्या हवालीं करण्यांत आलें, आणि आई अधूनमधून एखाद्या परक्या बाईप्रमाणें तेथें जाऊन त्यास पाहून येई. १९०१ सालीं डॉ. माँतेसानो यांनीं दुसऱ्या स्त्रीशीं विवाह केला, व त्याच सुमारास बाईंनीं तें विद्यालय सोडलें. कित्येक चरित्रकारांनीं ही हकीकत गाळली आहे. आमच्या मतें ती गाळल्यास बाईंच्या पुढील आयुष्यांतील अर्धी गोष्ट कळतच नाहीं. दोष कोणाचा किती, हें ठरविणें आपलें काम नव्हे. दुसऱ्यांच्या मुलांसाठीं देशोदेश जवळ करणाऱ्या या स्त्रीला आपलें मूल पंधरा वर्षें उघडपणें जवळ घेतां आलें नाहीं, एवढी गोष्ट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां सान लोरेंझोची हकीकत. रोमच्या या गरीब वस्तींत इमारती बांधण्याचा एकदां मोठा सपाटा सुरू झाला, व मग पैसा आटून त्या अर्ध्यामुर्ध्या पडून राहिल्या. त्यांत दारिद्र्य, गुन्हेगारी व रोगराई यांनीं ठाण मांडलें. पुढें एका कंपनीनें कांहीं इमारती विकत घेऊन दुरुस्त केल्या व कामकरी कुटुंबें तेथें बसविलीं. आईबाप दिवसभर मजुरीस जात. मोठीं मुलें शाळेंत. मागें राहिलेलीं तीन ते सहा वर्षांचीं पोरें जिने चढत-उतरत, भिंती खराब करीत. दुरुस्तीचा खर्च वाढूं लागला तेव्हां, या पोरांस एका खोलींत बसवून त्यांवर कोणी नेमल्यास तें स्वस्त पडेल, असा हिशोब कंपनीचे चालक एदुआर्दो तालामो यांनीं केला व डॉ. माँटेसरी यांस बोलाविलें. म्हणजे जगांतील एका मोठ्या शैक्षणिक चळवळीचा आरंभ रंगसफेदीच्या खर्चांतून झाला! बाईंस त्याचें कांहींच वाटलें नाहीं. त्यांस मुलें हवीं होतीं, आणि तीं मिळत होतीं.

ही खोली ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, उघडण्यांत आली. पन्नासांहून अधिक मुलें जमली होतीं. कित्येक रडत होतीं, कित्येक मुकीं असल्यासारखीं बावरलेलीं होतीं. त्या दिवसाच्या मिस्सांतील यशया संदेष्ट्याचें वाचन बाईंच्या मनांत घोळत होतें, व उद्घाटनाच्या भाषणांत त्यांनीं त्याचाच आधार घेतला. यरुशलेमवर उगवणाऱ्या प्रकाशाचा तो उतारा या कोंदट वस्तीस लावल्याचें ऐकून जमलेल्या मंडळीस नवल वाटलें. खोलीस पुढें बालकांचें घर असें नांव मिळालें. बाईंनीं पंतोजीण नेमली नाहीं. शिक्षणशास्त्राचा गंध नसलेली एक साधी तरुणी मुलांजवळ ठेवली, कारण जुनी शिस्त अंगीं मुरलेली बाई त्यांस नको होती. देखरेख करणारीनें त्याच इमारतींत राहावें, आयांनीं मुलें स्वच्छ करून पाठवावीं व आठवड्यांतून एकदां येऊन मुलाविषयीं बोलावें, एवढेच नियम होते. फी नव्हती.

मग जें झालें तें बाईंसही अपेक्षित नव्हतें. एक तीन वर्षांची मुलगी लांकडी दट्टे त्यांच्या खांचांत बसविण्यांत इतकी गढून गेली कीं, सभोंवतीं इतर मुलांनीं गाणें म्हटलें, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचें लक्ष ढळलें नाहीं. चाळिसांहून अधिक वेळां तिनें तेंच काम केलें, व नंतर थकण्याऐवजीं झोपेंतून उठल्यासारखी टवटवीत दिसूं लागली. एके दिवशीं शिक्षिकेस उशीर झाला व आदल्या सायंकाळीं कपाटास कुलूप लावण्याचें राहून गेलें होतें. मुलांनीं आपल्या आवडीच्या वस्तु स्वतः काढून काम चालविलें होतें. शिक्षिकेस ती चोरी वाटली. बाईंस त्यांत असें दिसलें कीं, मुलास काय हवें तें त्यास कळतें. तेव्हांपासून बुटकीं उघडीं कपाटें आलीं. दुसरे एके दिवशीं नाक स्वच्छ कसें करावें याचा धडा त्यांनीं मुलांस दिला, तेव्हां मुलांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या गोष्टीबद्दल तीं रोज शिव्या खात, ती कोणीं तरी सन्मानानें शिकविली होती. कागदाचीं अक्षरें बोटांनीं गिरवितां गिरवितां त्याच वर्षाच्या अखेरीस एक मुलगा खडूनें धुराड्याचें चित्र काढतां काढतां एकाएकीं शब्दच लिहूं लागला, आणि आपल्याला लिहितां येतें, असें ओरडत सुटला.

बातमी पसरली. एप्रिलमध्यें त्याच वस्तींत दुसरें घर उघडलें होतें. १९०८ सालीं मिलान शहरांत आणखी एक निघालें, व तें चालविण्यास बाईंनीं आपली शिष्या आन्ना माक्केरोनी हिला पाठविलें. येथून बाईंपुढील खरी अडचण सुरू होते. खोली उघडणें सोपें. ती त्याच रीतीनें चालविणारी माणसें कोठून आणावीं? १९०९ सालीं बॅरन फ्रांकेत्ती व त्यांच्या पत्नी अलिस यांच्या आश्रयानें चित्ता दि कास्तेल्लो या गांवीं बाईंनीं शंभरेक शिक्षिकांचा पहिला वर्ग घेतला, व त्याच वर्षीं आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. आदल्या वर्षाच्या डिसेंबरांत मेस्सीना येथें भयंकर भूकंप होऊन हजारों मुलें पोरकीं झालीं होतीं. त्यांपैकीं कांहीं मुलांस रोममधील जुस्ती रस्त्यावरील फ्रान्सिस्कन मिशनरी धर्मभगिनींच्या मठांत आसरा मिळाला. तेथें बाईंनीं आपलें एक घर चालविलें. भेदरलेलीं, अन्न टाकणारीं, रात्रीं किंचाळत उठणारीं तीं मुलें फुलें मांडूं लागलीं, टेबलें लावूं लागलीं व हळूहळू जेवूं-झोपूंही लागलीं. त्याच मठांत पुढें शिक्षिकांचे वर्गही भरले.

थोड्याच काळांत बाईंनीं वैद्यकीचा व्यवसाय व विद्यापीठांतील व्याख्यानें दोन्ही सोडलीं. वय चाळीस, पदरीं वृद्ध आईबाप, नियमित पगार नाहीं. शिक्षिकांच्या वर्गांची फी व ग्रंथांचें उत्पन्न हाच यापुढें त्यांचा निर्वाह. लहान मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लावणें हेंच एक स्वतंत्र काम मानून त्यावर जगावयाचें, हें धाडस तोंवर फार थोड्यांनीं केलें असेल. त्यांनीं जी घडी बसविली ती अशी. वर्ग बाईंनीं स्वतः घ्यावा. कित्येक महिने व्याख्यानें, साधनांचा सराव व मुलांचें निरीक्षण झाल्यावर त्यांच्या सहीचें प्रशस्तिपत्र मिळावें. तें मिळालेलीनें शाळा चालवावी, परंतु दुसऱ्या शिक्षिका मात्र तयार करूं नयेत. साधनें ठराविक मापाचींच असावीं. यामुळें काम शुद्ध राहिलें हें खरें. पण तें एका स्त्रीच्या प्रवासाइतकेंच वेगानें वाढूं शकलें हेंही तितकेंच खरें. १९१३ सालच्या डिसेंबरांत त्या अमेरिकेस गेल्या तेव्हां न्यूयॉर्कचें कार्नेगी सभागृह भरून गेलें. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत कांचेच्या भिंतींच्या वर्गांत मुलें काम करीत व लोक बाहेरून पाहत. तरी दहा वर्षांच्या आंत अमेरिकेंतील तो उत्साह ओसरला. कोलंबिया विद्यापीठांतील किलपॅट्रिक या प्राध्यापकांची कडक टीका हें त्याचें एक कारण होतें. दुसरें हें कीं, तेथील हितचिंतकांस बाई मोकळा हात देईनात. मूल स्वतंत्र असावें असें सांगणाऱ्या बाईंस शिष्यांचें स्वातंत्र्य मात्र सोसत नसे, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं.

१९१२ सालच्या अखेरीस आई रेनिल्दे वारल्या, आणि त्यानंतर लवकरच पंधरा वर्षांचा मारियो आईच्या घरीं राहावयास आला. जगास ओळख देतांना पुतण्या किंवा दत्तक मुलगा असें सांगितलें जाई. तो तेव्हांपासून शेवटपर्यंत त्यांच्या पाठीशीं राहिला: तिकिटें, करार, पत्रव्यवहार, भाषांतर, हिशोब सर्व त्याच्याकडे. बाईंच्या कामाला जो व्यवस्थापक हवा होता तो असा मिळाला.

पुढील वीस वर्षें त्यांचें मुख्य ठाणें बार्सिलोना येथें होतें. तेथील शाळेंत धर्मशिक्षणाचा जो प्रयोग झाला तो आपल्या वाचकांस विशेष आवडेल. मुलांसाठीं त्यांच्या उंचीचें एक लहान प्रार्थनामंदिर उभारलें. पवित्र मिस्सा मुलांस पाठ करून न देतां, तिच्या एकेका वस्तूची व कृतीची ओळख हातांनीं करून दिली. एवढेंच नव्हे तर मुलांनीं शेतांत गहूं पेरला, द्राक्षवेली लावल्या, कापणी व तोडणी केली, व वेदीवर जाणारी भाकर व द्राक्षारस कोठून येतो हें स्वतः पाहिलें. या विषयावर बाईंनीं पुस्तकेंही लिहिलीं. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं १९१८ सालीं त्यांस भेट देऊन त्यांच्या कार्यास आशीर्वाद दिला.

मुसोलिनीच्या प्रकरणीं मात्र त्यांचा होरा चुकला. १९२४ पासून त्या हुकूमशहानें शाळांस आश्रय दिला, व इटलीभर आपली पद्धति जाईल या आशेनें बाईंनीं तो स्वीकारला. मुलांस गणवेश चढवून सलामी शिकविणाऱ्या राज्यांत आपल्या शाळांस जागा नाहीं, हें कळावयास त्यांस दहा वर्षें लागलीं. १९३४ सालीं संबंध तुटला व इटलींतील शाळा बंद झाल्या. जर्मनींत नात्झी सरकारनें त्या आधींच बंद पाडल्या होत्या. १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें तेव्हां एका ब्रिटिश जहाजावरून बाईंस बार्सिलोना सोडावें लागलें. मारियोचीं चार मुलें व थोडें सामान, एवढा त्यांचा संसार. हॉलंडनें आसरा दिला. १९२९ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाची कचेरीही तोंवर आम्स्टरडॅम येथें आली होती.

भारताशीं त्यांचा संबंध आधींच जडला होता. १९३१ सालीं महात्मा गांधी लंडनला गेले असतां दोघांची भेट झाली व गांधीजींनीं त्यांच्या प्रशिक्षण-विद्यालयांत भाषण केलें. १९३९ सालच्या नोव्हेंबरांत थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून बाई व मारियो मद्रासजवळ अड्यार येथें उतरले. बेत तीन महिन्यांच्या वर्गाचा होता. तीनशेंच्या आसपास विद्यार्थी ताडपत्रांच्या मांडवांत जमिनीवर बसत. बाई इटालियन भाषेंत बोलत, व मारियो वाक्यावाक्याला इंग्रजी करून सांगे.

तोंच १० जून १९४० रोजीं इटली युद्धांत उतरली, आणि मायलेक शत्रुराष्ट्रीय ठरले. मारियोस पकडून आपल्या महाराष्ट्रांत अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील स्थानबद्धांच्या छावणींत ठेवण्यांत आलें. बाईंस अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. सत्तरीच्या घरांतली बाई, परका मुलूख, अंगवळणी न पडलेली भाषा, आणि पंधरा वर्षें दुरावलेल्या व मग कधींही न सोडलेल्या मुलाचा वियोग. ३१ ऑगस्ट रोजीं बाईंची सत्तरी भरली. त्या दिवशीं व्हाइसरॉयकडून तार आली: वाढदिवसाची भेट म्हणून सरकार त्यांचा पुत्र त्यांस परत देत होतें. तारेंत पुत्र हाच शब्द होता, असें सांगतात. जगास जें बेचाळीस वर्षें सांगितलें नव्हतें तें एका परकीय सरकारच्या कागदावर असें सहज उमटलें.

युद्ध संपेपर्यंत त्यांस भारतांतच राहावें लागलें. मारियोचीं चारही मुलें मागें हॉलंडमध्यें होतीं, व जवळजवळ सात वर्षें त्यांस बापाचें दर्शन घडलें नाहीं. या घराण्याच्या नशिबीं तो भोग दुसऱ्यांदा आला. कोडाईकनालच्या थंड हवेंत बाईंनीं निरनिराळ्या वयांचीं व जातिधर्मांचीं मुलें एकत्र घेऊन शाळा चालविली, व जन्मापासूनच्या पहिल्या तीन वर्षांकडे त्यांचें लक्ष विशेष वळलें. वर्ग भरत राहिले. हजारांहून अधिक शिक्षक-शिक्षिका या काळांत त्यांच्या हाताखालून गेल्या. १९४६ सालीं त्या हॉलंडला परतल्या खऱ्या. पण पुढच्याच वर्षीं पुन्हां आल्या.

आपल्या प्रांतांत हें बीज त्याआधींच पडलें होतें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. तेथें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या व १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें वारली मुलांसाठीं काम उभें केलें, तेव्हां विलायती मापाचीं महाग साधनें परवडेनात. त्यांनीं बिया, शिंपले, माती व पानें यांतून साधनें केलीं. मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली. ठराविक मापांविषयीं आग्रही असलेल्या माँटेसरीबाईंस हा फेरफार कितपत मानवला असता, याची आम्हांस शंका आहे. परंतु ताराबाई १९७३ सालीं वारल्यावर दोन वर्षांनीं केंद्र सरकारनें जी बालविकास योजना सुरू केली तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें, आणि आपल्या गांवोगांवच्या मुलांपर्यंत जें पोंचलें तें या वाटेनें पोंचलें.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सन्मान पुष्कळ झाले. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठीं १९४९ पासून सलग तीन वर्षें नांव सुचविलें गेलें. पारितोषिक मिळालें नाहीं. बाईंचें लक्ष तिकडे नव्हतें. ६ मे १९५२ रोजीं त्या हॉलंडच्या किनाऱ्यावरील नोर्डवैक येथें मारियोसह बसल्या होत्या. आफ्रिकेंतील सध्यांच्या घाना देशांत शिक्षक तयार करण्यासाठीं जाण्याची गोष्ट निघाली होती. वय एक्क्यायशी. एवढा प्रवास त्यांस झेपणार नाहीं, दुसऱ्या कोणास पाठवावें, असें मारियोचें म्हणणें पडलें. बाईंस तें पटलें नाहीं. थोड्याच वेळानें मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचें देहावसान झालें. नोर्डवैक येथील कॅथलिक दफनभूमींत त्यांस माती देण्यांत आली. मृत्युपत्र उघडलें तेव्हां त्यांत मारियोचा उल्लेख पुत्र म्हणून होता. आईचें काम त्यानें १९८२ सालीं आपल्या मृत्यूपर्यंत चालविलें.